दुसऱ्यांदा बटण दाबलं की जाणारी नोंद: रिक्वेस्ट कन्स्ट्रक्टरचं एक पूर्ण प्रकरण

जावास्क्रिप्टमधे वेब रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट बनवणं म्हणजे एका ओळीचं काम. न्यू रिक्वेस्ट लिहायचं, पहिला आर्ग्युमेंट यूआरएल, दुसरा आर्ग्युमेंट म्हणजे मेथड (गेट, पोस्ट वगैरे), हेडर्स (रिक्वेस्टबद्दलची माहिती), बॉडी (पाठवायचा मजकूर) असलेला साधा ऑब्जेक्ट, ज्याला स्पेसिफिकेशनमधे इनिट म्हणतात, आणि मग तो फेचला, म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हरला पाठवणाऱ्या फंक्शनला, देऊन टाकायचा. बहुतेक ठिकाणी इतक्यावर भागतं. पण हा कन्स्ट्रक्टर, म्हणजे न्यू लिहिल्यावर ऑब्जेक्ट बांधणारा कोड, आतमधे बऱ्याच गोष्टी करतो आणि त्या माहीत नसल्या की काय होतं त्याचं एक प्रकरण मी जवळून बघितलंय, ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण हा घोळ अजून कित्येक ॲप्समधे असाच बसलेला असणार याची मला खात्री आहे.

ॲप होतं दूध संकलन केंद्राचं. गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घेऊन येतात, सचिव माप करतो, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघतो, कॉम्प्युटरवर ब्राउझरमधे नोंद करतो आणि पावती छापून देतो. दर दहा दिवसांनी त्या नोंदींवरून बिल निघतं. नोंद सर्व्हरला जाते ती पोस्ट मेथडने, बॉडीमधे जेसन (डेटा मजकुरात लिहायची पद्धत), त्यात लिटर, फॅट, एसएनएफ, आणि सभासद क्रमांक यूआरएलमधे. लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारा कोड) आठ तास चालायचं, संपलं की सर्व्हर 401, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, द्यायचा, मग ॲप मागच्या मागे नवीन टोकन आणायचं आणि तीच रिक्वेस्ट परत पाठवायचं. निदान तसं अपेक्षित होतं.

तक्रार अशी होती की संध्याकाळची पहिली नोंद जात नाही. स्क्रीनवर येतं ‘रेंज नाही, परत प्रयत्न करा’. परत बटण दाबलं की जाते. मग उरलेली संध्याकाळ सगळं सुरळीत. गावात नेटवर्क खरंच कच्चं असल्यामुळे सगळ्यांनी दोष नेटवर्कलाच दिला, सचिवांनी राउटर बदलून बघितला, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघितलं, आणि दुसऱ्यांदा दाबलं की जातंय म्हटल्यावर कुणी फार खोलात गेलं नाही. पण रेंजचा प्रॉब्लेम असा रोज नेमून दिल्यासारखा सत्राच्या पहिल्याच नोंदीला येत नसतो. सकाळी सहाला लॉगिन, दुपारी दोनला टोकन संपलेलं, टॅब तसाच उघडा, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पहिली नोंद. हे गणित मांडलं की संशय लगेच टोकनच्या रिफ्रेशवर जातो.

कोड कसा होता ते सांगतो. क्लास होता दूधरिक्वेस्ट नावाचा, तो ब्राउझरच्या मूळ रिक्वेस्ट क्लासला एक्स्टेंड करायचा, म्हणजे त्याच्यावरच बांधलेला होता. त्याच्या कन्स्ट्रक्टरमधे सुपर कॉल करून मूळ क्लासला यूआरएल, मेथड, कंटेंट-टाइप हेडर, ऑथरायझेशन हेडर, नोंदीचा युनिक आयडी असलेला आणखी एक हेडर आणि जेसनची स्ट्रिंग केलेली बॉडी दिलेली, आणि खाली स्वतःचं एक फील्ड, प्रयत्न, त्याची किंमत शून्य. दिसायला अगदी स्वच्छ. एकदा ऑब्जेक्ट बनवला की सगळं त्यात, कुठेही फिरवा. पाठवणारं फंक्शन तो ऑब्जेक्ट फेचला द्यायचं, 401 आलं तर नवीन टोकन आणायचं, मग न्यू रिक्वेस्ट, पहिला आर्ग्युमेंट तोच जुना ऑब्जेक्ट, दुसऱ्यात नवीन ऑथरायझेशन हेडर, आणि परत फेच.

इथे पहिली ठेच. रिक्वेस्टची बॉडी ही एकदाच वाचता येणारी स्ट्रीम असते. तुम्ही स्ट्रिंग दिली असली तरी कन्स्ट्रक्टर तिचं स्ट्रीममधे रूपांतर करून ठेवतो, आणि फेच ती वाचून टाकतो. खरं म्हणजे फेचला रिक्वेस्ट दिली की तो आत पुन्हा हाच कन्स्ट्रक्टर चालवून स्वतःसाठी नवीन रिक्वेस्ट बनवतो आणि जुन्याची बॉडी स्वतःकडे घेतो, म्हणून फेच कॉल केल्याबरोबर, उत्तर यायच्याही आधी, जुन्या ऑब्जेक्टचं बॉडीयूज्ड (बॉडी वापरली गेली का ते सांगणारं फील्ड) हे ट्रू झालेलं असतं. ब्राउझरच्या कन्सोलमधे दोन ओळींत बघता येतं: बॉडीवाली पोस्ट रिक्वेस्ट बनवा, बॉडीयूज्ड छापा, फॉल्स येईल, फेचला द्या, लगेच परत छापा, ट्रू. आता या वापरलेल्या ऑब्जेक्टवरून न्यू रिक्वेस्ट केलं की कन्स्ट्रक्टर टाइपएरर नावाचा एरर फेकतो, क्रोममधे त्याचा मजकूर साधारण असा की आधीच वापरलेल्या रिक्वेस्टवरून रिक्वेस्ट बनवता येत नाही.

मजकूर इतका स्पष्ट असून कुणाला दिसला का नाही? कारण पाठवणाऱ्या फंक्शनमधे कन्स्ट्रक्टर आणि फेच दोन्ही एकाच ट्राय-कॅचमधे, म्हणजे एरर पकडणाऱ्या एकाच भागात, होते आणि कॅचमधे लिहिलं होतं की टाइपएरर असेल तर ‘रेंज नाही’ दाखव. आणि हे लिहिणाऱ्याने काही मनाने लिहिलं नव्हतं, नेटवर्क तुटलं की फेच खरोखर टाइपएररच देतो. म्हणजे ऑब्जेक्ट चुकीचा बांधला तरी टाइपएरर आणि वायर तुटली तरी टाइपएरर. सर्व्हरने 404 (सापडलं नाही) किंवा 500 (सर्व्हरमधे बिघाड) दिला तर फेच एरर देतच नाही, तो नीट रिस्पॉन्स देतो, त्यामुळे ‘फेचचा एरर म्हणजे नेटवर्क’ हा समज बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्का असतो. तो समज फेचपुरता जवळपास बरोबर आहे पण कन्स्ट्रक्टरला तो अजिबात लागू नाही. कन्स्ट्रक्टर अजून कितीतरी कारणांनी टाइपएरर देतो: गेट किंवा हेड मेथडला बॉडी दिली, यूआरएल पार्स झाला नाही, यूआरएलमधेच युजरनेम-पासवर्ड घातला, मेथड म्हणून कनेक्ट किंवा ट्रेस दिली. यातल्या एकाचाही रेंजशी संबंध नाही.

दुसऱ्यांदा दाबल्यावर का जायचं ते आता उघड आहे. एरर येण्याआधी नवीन टोकन येऊन साठवलेलं असायचं, परत बटण दाबलं की दूधरिक्वेस्टचा कोरा ऑब्जेक्ट नवीन टोकनसह बनायचा आणि जायचा. आणि याद्यांची पानं, जुन्या नोंदी, दरपत्रक हे सगळं गेटने यायचं, त्याला बॉडीच नसते, त्यामुळे तिथे हाच रिफ्रेशचा कोड व्यवस्थित चालायचा. म्हणून ‘रिफ्रेश तर चालतंय, मी स्वतः बघितलं’ असं टीममधला माणूस म्हणायचा तेव्हा तो खरंच बोलत होता.

टेस्ट पण होत्या, आणि पास व्हायच्या. टेस्टमधे फेच खोटा होता, पहिल्या वेळी 401 आणि दुसऱ्या वेळी 201 (नोंद तयार झाली) देणारं साधं फंक्शन. खोटा फेच बॉडीला हात लावत नाही, त्यामुळे बॉडीयूज्ड फॉल्सच राहतं आणि दुसरा कन्स्ट्रक्टर आनंदाने चालतो.

इथपर्यंतचं प्रकरण चिडचिडीचं होतं, नुकसानीचं नव्हतं. नुकसान झालं ते पहिल्या दुरुस्तीनंतर. टीममधल्या एका डेव्हलपरने कन्सोलमधे खरा एरर शोधून काढला, इंटरनेटवर उपाय बघितला, आणि उपाय म्हणून सगळीकडे जे सांगितलेलं असतं ते केलं: पाठवायच्या आधी रिक्वेस्टचा क्लोन, म्हणजे प्रत, करून ठेवायचा, 401 आलं की क्लोनवरून नवीन रिक्वेस्ट बनवायची. चुकीचं काही नाही, बॉडीचा प्रश्न क्लोनने सुटतोच, क्लोन स्ट्रीमला दोन फाटे फोडतो. फक्त क्लोन केल्यावर त्याच्या लक्षात आलं की रीट्राय होतच नाहीये, कारण अट होती प्रयत्न एकपेक्षा कमी असेल तर. क्लोन मेथड परत देते ती साधी रिक्वेस्ट, तुमचा दूधरिक्वेस्ट नाही, तुम्ही कन्स्ट्रक्टरमधे लावलेलं प्रयत्न हे फील्ड त्याच्यावर नसतंच, तिथे मिळतं अनडिफाइन्ड (किंमतच नाही), आणि अनडिफाइन्ड एकपेक्षा कमी आहे का याचं उत्तर फॉल्स. त्याने ती अट काढून टाकली. मग रीट्राय व्हायला लागला, ‘रेंज नाही’ बंद झालं, सचिव खूश, काम संपलं असं वाटलं.

पण त्या ओळीत दुसरा खड्डा तसाच होता, तो आधी झाकलेला होता इतकंच. न्यू रिक्वेस्टला पहिला आर्ग्युमेंट म्हणून जुनी रिक्वेस्ट आणि दुसऱ्यात हेडर्स दिले की ते जुन्या हेडर्समधे मिसळले जात नाहीत, जुने सगळे हेडर्स पुसून फक्त नवीन ठेवले जातात. नव्वद टक्के लोकांना वाटतं की मर्ज होत असेल, नाव तर ‘इनिट’, म्हणजे वरून काही बदल सांगतोय अशीच भावना होते. तसं नाही. हेडर्स हे एक अख्खं खातं आहे, दिलं की अख्खंच बदलतं. म्हणजे नवीन रिक्वेस्टमधे ऑथरायझेशन होता, पण कंटेंट-टाइप गेला आणि नोंदीचा युनिक आयडी पण गेला.

कंटेंट-टाइप गेला तरी कन्स्ट्रक्टरने स्वतःहून का नाही लावला? इथे बारकावा आहे. इनिटमधे तुम्ही नव्याने बॉडी दिलीत आणि कंटेंट-टाइप दिला नाहीत तर कन्स्ट्रक्टर बॉडीचा प्रकार बघून स्वतः लावतो, स्ट्रिंग असेल तर टेक्स्ट-प्लेन, यूआरएलसर्चपॅरम्स असेल तर फॉर्मवाला. पण बॉडी जुन्या रिक्वेस्टवरून आली असेल तर तो काहीच लावत नाही, तो धरून चालतो की जुन्या हेडर्ससोबत आलाच असेल. आणि जुने हेडर्स आपण पुसलेत. तर बॉडी पूर्ण, अक्षर न अक्षर बरोबर, फक्त ही जेसन आहे असं सांगणारं कोणी नाही.

कन्सोलमधे हे पण करून बघा, एकदा स्वतः डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. पोस्ट रिक्वेस्ट बनवा कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन-जेसन लावून, तिचे हेडर्स डॉट गेट करून कंटेंट-टाइप छापा, येईल. मग तिच्यावरून न्यू रिक्वेस्ट करा फक्त ऑथरायझेशन देऊन, आणि परत तोच गेट करा. नल, म्हणजे काहीच नाही.

सर्व्हर होता नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम), त्यात एक्सप्रेस 4 ही लायब्ररी. त्यातला जेसन पार्सर कंटेंट-टाइप जेसन असेल तरच बॉडी वाचतो, नसेल तर गप्प बाजूला होतो आणि बॉडीच्या जागी रिकामा ऑब्जेक्ट ठेवतो. एक्सप्रेस 5 असता तर तिथे अनडिफाइन्ड आलं असतं आणि पुढचा कोड फटकन 500 देऊन मोकळा झाला असता, ते या प्रकरणात कितीतरी बरं झालं असतं. इथे पुढचा कोड होता, लिटर म्हणजे बॉडीतल्या लिटरचा नंबर, आणि तो नंबर नसला तर शून्य. फॅट तसंच, एसएनएफ तसंच. सभासद क्रमांक यूआरएलमधून येत असल्यामुळे तो बरोबर. नोंद सेव्ह झाली, सर्व्हरने 201 दिला, ॲपने पावती छापली, आणि पावती स्क्रीनवरच्या आकड्यांवरून छापली जायची.

म्हणजे पावतीवर 6.4 लिटर, 3.8 फॅट, आणि डेटाबेसमधे त्याच माणसाच्या नावावर त्याच सत्राला शून्य लिटर.

आणि रांगेत संध्याकाळी पहिलं येणारं माणूस साधारण तेच असतं. या केंद्रावर ती एक वयस्कर बाई होती, एकच गाय, अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून ती सगळ्यात आधी यायची. दहा दिवसांच्या बिलात तिच्या संध्याकाळच्या जवळजवळ सगळ्या नोंदी शून्य. ती सगळ्या पावत्या पिशवीतून घेऊन आली आणि टेबलावर मांडल्या, म्हणून कळलं. केंद्रातून शीतकरण केंद्राला गेलेलं दूध आणि नोंदींची बेरीज यात फरक पडत होता पण पाच-सहा लिटरचा फरक मापात आणि सांडलवंडीत रोजच पडतो, त्यावर कोणी शंका घेत नाही. मला या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते. ‘रेंज नाही’ म्हणणारं ॲप त्रास देत होतं पण नोंद चुकवत नव्हतं, दुरुस्त झालेलं ॲप शांतपणे एका बाईचे पैसे कापत होतं.

आता खरी दुरुस्ती. सगळ्यात छोटी दुरुस्ती एका ओळीची आहे: क्लोनवरून इनिट न देता न्यू रिक्वेस्ट करायची आणि मग तयार झालेल्या ऑब्जेक्टच्या हेडर्सवर सेट कॉल करून ऑथरायझेशन तेवढा बदलायचा. सेट फक्त तेवढा एक हेडर बदलतो, बाकीच्यांना हात लावत नाही. हे चालतं, आणि घाईत असाल तर हेच करा, त्या दिवशी संध्याकाळच्या सत्राच्या आधी तेच टाकलं गेलं.

पण मी टीमला क्लासची रचनाच बदलायला सांगितली, आणि माझं मत इथे ठाम आहे. नोंद ही एक गोष्ट आहे आणि ती पाठवायचा प्रयत्न ही वेगळी गोष्ट आहे. नोंद एकदाच होते, तिला लिटर असतात, फॅट असतो, तिचा स्वतःचा आयडी असतो, ती दिवसभर तशीच राहते. प्रयत्नाला टोकन असतं, तो यशस्वी होतो किंवा फसतो, आणि संपतो. ब्राउझरचा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट हा दुसऱ्या प्रकारातला आहे, एका प्रयत्नाचा, एकदा वापरून संपणारा. दूधरिक्वेस्टने रिक्वेस्टला एक्स्टेंड केलं तिथेच नोंद आणि प्रयत्न एका ऑब्जेक्टमधे कोंबले गेले, टोकन नोंदीच्या कन्स्ट्रक्टरमधे गेलं, आणि मग पुढची सगळी क्लोनची कसरत ही त्या एका निर्णयामुळे करावी लागली.

म्हणून नवीन रचनेत क्लास नोंद आहे आणि तो कशालाही एक्स्टेंड करत नाही. त्याचा कन्स्ट्रक्टर सभासद क्रमांक आणि मापं घेतो, लिटर हा खरा नंबर आहे का तपासतो, नसेल तर तिथेच स्पष्ट मराठी मेसेज देऊन थांबतो, आयडी एकदाच तयार करतो, आणि जेसनची स्ट्रिंग एकदाच करून ठेवतो. त्याची एक मेथड आहे, टोकन घेते आणि दर वेळी कोरी न्यू रिक्वेस्ट बनवून देते, सगळे हेडर्स त्यातच, एकाच जागी. पहिला प्रयत्न फसला तर जुन्या रिक्वेस्टकडे कोणी बघतच नाही, नवीन टोकन देऊन त्याच नोंदीकडून दुसरी रिक्वेस्ट मागायची. क्लोन नाही, बॉडीयूज्ड बघणं नाही, हेडर्स मर्ज होतात का नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. आयडी तोच राहत असल्यामुळे पहिला प्रयत्न खरं म्हणजे पोचला होता पण उत्तर वाटेत हरवलं अशा वेळी सर्व्हर दुहेरी नोंद ओळखू शकतो. किती वेळा प्रयत्न करायचा ते पाठवणाऱ्या फंक्शनमधल्या साध्या लूपमधे.

हाच विचार इतर भाषांनी वेगवेगळ्या पद्धतीने केलेला दिसतो आणि तो बघण्यासारखा आहे. डॉटनेटमधे एचटीटीपीरिक्वेस्टमेसेज कन्स्ट्रक्टरने बनवायचा आणि एचटीटीपीक्लायंटला द्यायचा, तोच मेसेज दुसऱ्यांदा पाठवायला गेलात तर तो सरळ इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन देतो, नावावरूनच कळतं की हे नेटवर्कचं नाही. त्याच्या आधीच्या वेबरिक्वेस्टला तर तुम्ही न्यू लावूच शकत नव्हता, क्रिएट ही स्टॅटिक मेथड यूआरएल बघून योग्य तो ऑब्जेक्ट द्यायची, तो प्रकार डॉटनेट 6 पासून जुना ठरवलाय. जावा 11 मधे 2018 ला आलेला एचटीटीपीरिक्वेस्ट बिल्डरने बनतो, तो बदलता येत नाही आणि तोच ऑब्जेक्ट कितीही वेळा पाठवता येतो, कारण बॉडीच्या जागी बॉडी देणारा पब्लिशर ठेवलेला असतो. इनपुटस्ट्रीमवरून बॉडी द्यायची असेल तर स्ट्रीम घेत नाहीत, स्ट्रीम बनवून देणारा सप्लायर घेतात. मला जावाची ही पद्धत फार आवडते. आमच्या नोंद क्लासची मेथड म्हणजे तोच सप्लायर आहे, आपण आपल्या हाताने लिहिलेला.

कॅच पण वेगळा केला. रिक्वेस्ट बनवायची ओळ ट्रायच्या बाहेर, फेच एकटा आत. ‘रेंज नाही’ हा मेसेज आता फक्त फेच पडला तरच येतो. सर्व्हरवर पोस्टचा कंटेंट-टाइप जेसन नसेल तर 415 (हा प्रकार चालत नाही), लिटर नंबर नसेल तर 400 (रिक्वेस्ट चुकीची), आणि ‘नसेल तर शून्य’ ही ओळ तिन्ही ठिकाणांहून कायमची काढली. मापाच्या फील्डला शून्य हा डिफॉल्ट असूच नये, शून्य लिटर ही पण एक माहिती आहे आणि ती कोणीतरी टाइप केलेली असली पाहिजे.

जुन्या शून्य नोंदी शोधणं सोपं गेलं कारण त्यांना युनिक आयडीच नव्हता, तो हेडर पुसला गेला होता ना. आयडी नसलेल्या नोंदी काढल्या, सचिवांच्या वहीशी आणि पावत्यांशी ताडून बघितल्या, आकडे भरले आणि फरकाचे पैसे पुढच्या बिलात दिले गेले.

टेस्ट मात्र नव्याने लिहिल्या, खोटा फेच काढून. नोड 18 पासून फेच आणि रिक्वेस्ट दोन्ही नोडमधेच आहेत, त्यामुळे टेस्टमधे खरा छोटा सर्व्हर उभा करायचा, पहिल्या वेळी 401, दुसऱ्या वेळी 201, आणि दुसऱ्या वेळी सर्व्हरला पोचलेली बॉडी आणि हेडर्स पहिल्याशी ताडायचे. पहिल्याच रनला टेस्ट पडली, कारण कोडमधे यूआरएल तिरकी रेघ आणि पुढे ‘नोंद’ असा अर्धाच होता. ब्राउझरमधे कन्स्ट्रक्टर तो पानाच्या पत्त्याला जोडून पूर्ण करतो, नोडमधे जोडायला पानच नसतं म्हणून टाइपएरर. मूळ पत्ता मेथडला बाहेरून द्यायला लागलो.

आणि याच टेस्टमुळे दुरुस्तीच्या स्क्रीनचा वेगळा प्रॉब्लेम सापडला, चुकलेलं माप सुधारायला पॅच मेथड वापरली होती आणि ती स्मॉल अक्षरांत लिहिली होती. कन्स्ट्रक्टर डिलीट, गेट, हेड, ऑप्शन्स, पोस्ट आणि पुट या सहा मेथड कॅपिटल करून घेतो, पॅच त्या यादीत नाही, ती जशी लिहिली तशीच स्मॉलमधे वायरवर जाते, आणि मेथडच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक मोजला जात असल्यामुळे सर्व्हरला ती ओळखता येत नाही. पाच अक्षरं कॅपिटल केली आणि सुधारणा सेव्ह व्हायला लागल्या.